'लाज', 'निराशा' आणि इंग्रजी वाक्य

मराठीतील 'लाज' हा शब्द मोठा संसार सांभाळतो. पाहुण्यांपुढे गाणे म्हणताना बालकास वाटते ती लाज, सभेत बोलताना शब्द चुकला की वाटते ती लाज आणि कोणाचा विश्वासघात केल्यावर मनास टोचते तीही लाजच. इंग्रजी या तिघींना निरनिराळी दारे उघडते : 'शाय', 'एम्बॅरस्ड' आणि 'ॲशेम्ड'.

'एम्बॅरस' हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी अडविणे, वाट रोखणे हा अर्थ आहे. ओशाळलेला मनुष्य असाच अडकतो. जीभ अडखळते, नजर वर होत नाही. तेथे अपराध घडलेला असतोच असे नाही. 'ॲशेम्ड'मध्ये मात्र आपण अनुचित वागलो किंवा उणे ठरलो, ही बोच असते. मुलाखतीत 'आय ॲम ॲशेम्ड ऑफ माय इंग्लिश' म्हणणारा विद्यार्थी न केलेल्या गुन्ह्याची कबुली देतो. त्याच्या मनातील संकोचास 'एम्बॅरस्ड अबाउट' पुरेसे आहे. (खरे तर तेही न म्हणता त्याने सरळ उत्तरास आरंभ करावा.) अत्यंत खजील होण्यास 'मॉर्टिफाइड' म्हणतात. त्याच्या मुळाशी मृत्यूवाचक लॅटिन शब्द आहे. आपलेही 'मेल्याहून मेल्यासारखे होणे' त्याच वाटेने जाते.

'व्हॉट अ शेम!' या उद्गारात मात्र लाज मुळीच नाही. 'अरेरे, वाईट झाले' एवढाच त्याचा भाव. शिष्यवृत्ती थोडक्यात हुकलेल्या मुलीस कोणी असे लिहिले, तर पालकांनी तो धिक्कार समजू नये. ती सहानुभूती आहे.

निराशेच्या प्रांतात घोटाळा अधिक. 'मी निराश आहे' या अर्थाने 'आय ॲम होपलेस' लिहिले जाते. वाचणारा मात्र 'मी अगदी कुचकामी आहे' असे समजतो. 'आय ॲम डिसअपॉइंटिंग' म्हटल्यास तर इतरांचा हिरमोड करणारे आपणच ठरतो. अपेक्षाभंग आपला झाला असेल, तर 'डिसअपॉइंटेड' हेच रूप हवे. निकालासाठी त्यापुढे 'विथ' किंवा 'अबाउट' येते, व्यक्तीसाठी बहुधा 'इन'. 'आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू' हे वाक्य फार कठोर आहे. त्यात निकालावर नव्हे, माणसावरच्या विश्वासावर घाव बसतो. शिक्षकांनी व वडीलधाऱ्यांनी ते जपून वापरावे.

ब्रिटिश वळणाच्या पत्रव्यवहारात शब्द सौम्य आणि आशय तीव्र असतो. 'आय वॉज अ लिटल डिसअपॉइंटेड' या वाक्यातील 'लिटल' पुष्कळदा शिष्टाचाराचा असतो, तक्रार पुरती असते. तसेच 'आय ॲम अफ्रेड द पोस्ट हॅज बीन फिल्ड' असे उत्तर आले, तर लिहिणाऱ्यास कसलीही भीती वाटत नाही. जागा भरली गेली, एवढेच तो खेदाने कळवीत असतो.