दिव्यांग कल्याण निधी आणि ग्रामपंचायत
परभणीचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. राज्यातील अन्य ग्रामपंचायतींप्रमाणेच येथील ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणार्थ खर्च करावयाचा असतो. लहान गावात ही रक्कम अल्प असते. म्हणूनच ती वर्षअखेरीस घाईने वाटून टाकणे इष्ट नव्हे. प्रथम घरोघर जाऊन नोंदवही तयार करावी. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती ग्रामसभेस येऊ शकत नाही. तिची गरज सदस्यांनीच घरी जाऊन विचारावी. कोणास कुबड्या हव्या असतील, कोणास प्रमाणपत्रासाठी रुग्णालयापर्यंत वाहन. १९८० पासूनच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही त्याच भेटीत तयार करता येईल. खर्चाचा तपशील ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्याचे नाव वहीत नाही, तो योजनेलाही दिसत नाही.