षटकार किती बॅटचा, किती दोरीचा?

दोन सामने डोळ्यांसमोर आणा. पहिला ७ जून १९७५ चा, लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरचा. पहिल्या विश्वचषक स्पर्धेचा तो पहिलाच दिवस. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. भारताने उत्तरादाखल ६० षटके खेळून ३ बाद १३२ केल्या आणि सुनील गावसकर १७४ चेंडूंत ३६ धावा करून नाबाद राहिले. दुसरा सामना २६ एप्रिल २०२४ चा, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरचा. कोलकाता संघाने २० षटकांत २६१ धावा केल्या आणि पंजाब संघाने ८ चेंडू राखून त्या ओलांडल्या. दोन्ही संघांचे मिळून षटकार होते ४२!

गावसकरांची ती खेळी त्या काळातही सर्वांना कोड्यात टाकणारी होती, तेव्हा तुलना थोडी अन्यायाची आहे. तरी चेंडू सीमापार जाणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे, हे कोणीही मान्य करील. याचे कारण विचारले की वर्गातून एक उत्तर हमखास येते : ‘‘सर, हल्लीच्या बॅटी जड असतात.’’ हे उत्तर कितपत खरे आहे, ते आपण हिशोबानेच तपासू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

प्रथम चेंडूची उसळी मोजू. क्रिकेटचा चेंडू २ मीटर उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर सोडा. तो साधारण ५० ते ७० सेंमी उसळेल. उसळीची उंची भागिले सोडल्याची उंची, आणि त्याचे वर्गमूळ काढा. उत्तर अर्ध्याच्या थोडे पुढे येते. याचा अर्थ असा, की चेंडू ज्या वेगाने आपटतो त्याच्या निम्म्याहून जरासा जास्त वेगाने परततो. उरलेली ऊर्जा त्याच्या आतील बूच आणि दोरा दबण्यात खर्च होते. आघाताचा वेग वाढला की हे गुणोत्तर आणखी थोडे उतरते. म्हणून बॅटवरच्या आघातासाठी आपण ते ०.५ धरू आणि त्याला उसळी-गुणांक म्हणू.

आता बॅट. ती १,२०० ग्रॅमची आहे असे समजा. चेंडू बॅटच्या गुरुत्वमध्यावर न लागता त्याच्या खाली, पात्याच्या खालच्या भागात लागतो. त्यामुळे बॅट थोडी मागे ढकलली जाते आणि थोडी फिरते. चेंडूच्या दृष्टीने पाहिले तर सगळे १,२०० ग्रॅम त्याच्यासमोर उभे नसतात. सुमारे ८०० ग्रॅमच उभे आहेत असे मानून चालू. चेंडूचे वजन नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅम असते; आपण १६० ग्रॅम घेऊ.

टप्पा पडल्यावर चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला आणि बॅट सेकंदाला २४ मीटर वेगाने त्याला सामोरी गेली. ज्या दिशेने बॅट जाते ती धन दिशा. बॅटचा संवेग ०.८ × २४ = १९.२ आणि चेंडूचा ०.१६ × ३० = ४.८, पण उलट दिशेचा. एकूण संवेग १४.४. दोघांचे मिळून वस्तुमान ०.९६ किलो, म्हणून दोघे चिकटून गेले असते तर सामाईक वेग १५ झाला असता. पण ते चिकटत नाहीत. ५४ च्या वेगाने ते जवळ येत होते, म्हणून गुणांकाप्रमाणे २७ च्या वेगाने दूर होतात. हे २७ वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात वाटले जातात : चेंडूला २२.५ आणि बॅटला ४.५. म्हणजे चेंडू १५ + २२.५ = ३७.५ मीटर वेगाने निघतो आणि बॅट १०.५ मीटरवर येते. संवेग पुन्हा मोजून पाहा, तो १४.४ च भरेल.

याच रीतीने निरनिराळे वेग घेऊन पाहिले, तर एक सोपे सूत्र हाती लागते :

परतीचा वेग = ०.२५ × चेंडूचा वेग + १.२५ × बॅटचा वेग

(अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून शिक्षकांनी हे सूत्र अवश्य सिद्ध करून घ्यावे. तासभर बरा जातो.)

या सूत्राकडे नीट पाहा. येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा जेमतेम पाव भाग परत मिळतो. बॅटचा वेग मात्र सव्वापट होऊन मिळतो. ‘वेगवान गोलंदाजाला नुसती बॅट लावली की चेंडू सीमापार’ हे समालोचकांचे वाक्य लेट कटला किंवा ग्लान्सला खरे आहे, कारण तिथे चेंडू फक्त वळतो, त्याचा वेग उलटा करावा लागत नाही. समोरच्या षटकाराला ते लागू नाही.

आता वर्गातले ते उत्तर तपासू. बॅट २०० ग्रॅमने जड करा आणि बॅटचा वेग तोच राहिला असे माना. वरचाच हिशोब केला की परतीचा वेग सुमारे ३९ येतो. दीड-पावणेदोन मीटरचा फायदा. पण जड बॅट फिरवताना वेग २४ वरून २२.६ वर आला, तर तो सगळा फायदा खलास! बॅटच्या वजनाला नियमात कमाल मर्यादाच नाही, आणि तरीही कोणी दोन किलोची बॅट घेऊन येत नाही, त्याचे कारण हेच. आघात होतो तो अवघ्या सहस्रांश सेकंदात. त्या क्षणी मूठ कितीही घट्ट आवळली तरी चेंडूला काही मिळत नाही. बॅटला जो वेग द्यायचा तो आधीच दिलेला असला पाहिजे.

मग नव्या बॅटीत बदल कोणता झाला? तिच्या कडेकडे पाहा. विलोचे लाकूड अधिक वाळवून आणि कमी दाबून आजची बॅट घडवतात. त्यामुळे तेवढ्याच वजनात ती जाडजूड होते. (अशी बॅट लवकर फुटते, ते वेगळे.) कडांना लाकूड वाढल्याने काय होते, ते घरी पाहता येईल. एका फूटपट्टीच्या मध्यावर मळलेल्या कणकेचा मोठा गोळा चिकटवा. दुसऱ्या तशाच पट्टीच्या दोन टोकांना त्याच वजनाचे अर्धे अर्धे गोळे चिकटवा. प्रत्येक पट्टी मध्यावर चिमटीत धरून इकडून तिकडे झटक्याने फिरवा. वजन सारखेच, पण दुसरी पट्टी वळायला कुरकुरते. या विरोधाला कॉलेजात निरूढी परिबल म्हणतात. चेंडू बॅटच्या मध्यरेषेपासून बाजूला लागला की बॅट मुठीत वळते आणि आघात वाया जातो. जाड कडांची बॅट कमी वळते.

माझ्या हिशोबाने, सारख्या वजनाच्या दोन बॅटींपैकी एकीचे लाकूड मधल्या कण्याशी एकवटलेले असेल आणि दुसरीचे कडांपर्यंत पसरलेले असेल, तर मध्यावर लागलेला चेंडू दोन्हींवरून ३७.५ नेच जातो. पण ३ सेंमी बाजूला लागलेला चेंडू पहिलीवरून सुमारे २६ ने आणि दुसरीवरून सुमारे ३० ने निघतो. खेळाडू ‘मिडल झाला’ म्हणतात तो फटका नवी बॅट लांबवत नाही; ती चुकलेल्या फटक्याला माफ करते.

हे वेग मैदानावरच्या अंतरात बदलू. पाठ्यपुस्तकातले सूत्र (वेगाचा वर्ग भागिले ९.८) ३७.५ साठी १४३ मीटर देते. तेवढा लांब षटकार कोणी पाहिला आहे? सूत्र हवेला विसरते. या वेगाला हवेचा रोध चेंडूच्या वजनाच्या जवळपास इतका असतो. तो धरून ४५ अंशांत मारलेला चेंडू अंदाजे ८४ मीटरवर पडतो. ३० चा चेंडू ६२ वर आणि २६ चा ५० वर पडतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून निदान ५९.४ मीटर व जास्तीत जास्त ८२.३ मीटर असावी लागते. बाजूच्या आखूड सीमेवर ५० मीटरचा फटका म्हणजे झेल, आणि ६२ मीटरचा तसाच चुकलेला फटका म्हणजे षटकार!

१ ऑक्टोबर २०१७ पासून नियमांनी कडेची जाडी ४० मिमी आणि पात्याची जाडी ६७ मिमी इतकी मर्यादित केली. आपला हिशोब पाहता बंधन योग्य जागी घातले गेले. नियमकर्त्यांना अशी वेळ नवी नव्हती. १७७१ साली इंग्लंडात थॉमस व्हाइट हा गृहस्थ यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन खेळायला उतरला, तेव्हापासून रुंदी सव्वाचार इंचांवर, म्हणजे १०.८ सेंमीवर, बांधली गेली. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन आला, त्यानंतर पाते लाकडाचेच हवे असे ठरले.

पण मला विचाराल तर बॅटपेक्षा दोरीची काळजी अधिक करावी. गोलंदाजाने वेग ३० वरून १८ वर आणला, तर सूत्राप्रमाणे परतीचा वेग ३४.५ होतो आणि चेंडू ८४ ऐवजी ७६ मीटरवर पडतो. दोरी फलंदाजापासून ८० मीटरवर असेल, तर याच आठ मीटरांत क्षेत्ररक्षक झेल घेतो आणि गोलंदाजाची युक्ती सार्थकी लागते. दोरी ७० मीटरवर आत ओढली की दोन्ही चेंडू षटकार. युक्ती तीच, मेहनत तीच, फळ शून्य.

तेव्हा गोलंदाजाला दुसरी वाट शोधावी लागते, ती म्हणजे बॅटच्या मध्याला चेंडू मिळूच न देणे. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या अंतिम सामन्यात जसप्रीत बुमराने ४ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतले आणि भारत ७ धावांनी जिंकला. बॅटच्या बुंध्याशी पडणारा यॉर्कर हे त्याचे ठेवणीतले अस्त्र. तो का चालतो, हे तुमच्याच बॅटवर पाहा. मुठीचे टोक दोन बोटांत हलकेच धरून बॅट लोंबकळती ठेवा. मित्राला पात्यावर खालपासून वर दर २ सेंमीवर चेंडूने हलका ठोका द्यायला सांगा. बहुतेक जागी बोटांना झिणझिण्या येतील. तळापासून १५-१८ सेंमीच्या आसपास त्या जवळजवळ नाहीशा होतील. तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि मग तळापासून ४ सेंमीवर एक ठोका देऊन दोन्हींतला फरक वहीत लिहून ठेवा.