यमकाचा धडा आणि हनुमानकाइंड

मागच्या रविवारी वर्गात यमकाचा धडा चालू होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मग रॅपमध्ये पण यमकच असतं ना?" असतेच! म्हणून या अंकात आम्ही कवीऐवजी एका रॅपरचा परिचय करून देत आहोत.

त्याचे खरे नाव सूरज चेरुकत. जन्म १९९२ साली, केरळात. लहानपणी घरच्यांबरोबर निरनिराळ्या देशांत राहून तो अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला वाढला. विशीत भारतात परतला, कोइमतूरला शिकला, बंगळूरला नोकरी केली आणि मग नोकरी सोडून गाण्यामागे लागला. 'हनुमान' आणि 'मॅनकाइंड' म्हणजे मानवजात, हे दोन शब्द एकमेकांत अडकवून त्याने स्वतःचे नाव घडवले. आपल्या संधीच्या नियमांत ते बसत नाही, पण जोड झकास आहे.

२०१९ मध्ये त्याचा 'कळरी' हा छोटा गीतसंग्रह आला. पुढची पाच वर्षे त्याला मुख्यतः रॅपचे शौकीनच ओळखत होते. मग जुलै २०२४ मध्ये 'बिग डॉग्स' आले आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत जाऊन बसले. त्याची चित्रफीत जत्रेतल्या 'मौत का कुआँ'मध्ये घेतलेली आहे. लाकडी भिंतीवर मोटारी आणि मोटारसायकली गरगरा फिरतात आणि हा खाली मधोमध उभा! गाडी पडत का नाही? वेगामुळे चाके भिंतीवर दाबली जातात आणि त्या दाबातून येणारे घर्षण गाडीला तोलून धरते. वेग कमी झाला की संपले. (पालकहो, गाण्यातले काही शब्द घरात चालण्यासारखे नाहीत. आधी स्वतः ऐका.)

आता धड्याकडे. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा आखूड चरण सुटा राहतो. रॅपमध्ये एक-दोन-तीन-चार असे ठोके मोजतात आणि यमक बहुधा चौथ्या ठोक्याजवळ पडते. चांगला रॅपर तेवढ्यावर थांबत नाही. तो ओळीच्या पोटातही यमक लपवतो आणि एकच अक्षर पुन्हा पुन्हा आपटतो. हा आपला अनुप्रासच. हनुमानकाइंडचा आवाज भरदार, वाक्ये आखूड आणि ठोसा मारल्यासारखी. इंग्रजीचा ढंग अमेरिकेच्या दक्षिणेकडचा.

ताल मात्र केरळचा आणतो. मार्च २०२५ च्या 'रन इट अप'मध्ये चेंडा वाजतो. आपला ढोल कमरेला आडवा बांधतात. चेंडा खांद्यावरून उभा टांगतात आणि वरच्या तोंडावर काठ्यांनी वाजवतात. त्याच चित्रफितीत कळरीपयट्टूबरोबर आपले मर्दानी खेळही आहेत, कोल्हापूरकडचे! एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवातही त्याने चेंडावादकांना बरोबर नेले.

हे सांगून झाल्यावर एका मुलीने विचारले, "मग तो मल्याळममध्ये का नाही म्हणत?" यावर आम्हा शिक्षकांतच दोन तट पडले. एक म्हणाले, ज्या भाषेत माणूस भांडतो आणि थट्टा करतो, तिच्यातच त्याला यमक सुचणार. ह्यूस्टनला वाढलेल्या मुलाला ती इंग्रजीच. दुसऱ्या बाईंना हे पटले नाही. ढोल आणला आणि भाषा मागे राहिली, तर ढोलाबरोबर म्हणायचे काय, असे त्यांचे म्हणणे. वाद चहा गार होईपर्यंत चालला. मुलगी मात्र एवढेच म्हणाली, "मला आजीचं सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं." त्यावर दोन्ही तट गप्प झाले.

स्वाध्याय : आपल्या घरावर चार ओळी लिहा. टाळीवर चार ठोके धरा आणि यमक चौथ्यावर आणा. भाषा तुम्ही निवडा, पण एक तरी ओळ अशी हवी की जी फोनवर आजीला म्हणून दाखवता येईल. पुढच्या रविवारी वही आणि एक डबा, वाजवायला, घेऊन या.