अतिस्थूलता : शस्त्रक्रियेची भीती आणि पूर्वतयारी

नांदेड शहरालगत गोदावरीच्या तीरावर वसलेले विष्णुपुरी हे गाव काळेश्वराच्या मंदिरामुळे आणि उपसा सिंचन प्रकल्पामुळे सर्वपरिचित आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता याच परिसरात आहे. नांदेडबरोबरच हिंगोली व परभणी या जिल्ह्यांतून, तसेच सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्ण येथे येत असतात. ‘शस्त्रक्रिया करावी लागेल’ हे वाक्य ऐकताच रुग्णाच्या आणि त्याच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांच्या मनात जी धास्ती उभी राहते, ती कोणत्याही रुग्णालयाला नवी नाही. परंतु वजन घटविण्यासाठी करावयाच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत ही धास्ती दुहेरी असते. एक भीती शस्त्राची आणि दुसरी लोकांच्या हसण्याची.

स्थूलता हा दोष नव्हे, आजार आहे

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. स्थूलतेमागे आनुवंशिकता, अंतःस्राव, आहार, बैठे काम आणि काही औषधे अशी अनेक कारणे असतात. ती केवळ आळसामुळे येते हा समज चुकीचा आहे.

वजनाच्या किलोग्रॅममधील आकड्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो निर्देशांक मिळतो, त्यास रुग्णालयात ‘बीएमआय’ म्हणतात. १.६० मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ९६ किलो असल्यास हा निर्देशांक ३७.५ येतो. भारतीयांसाठी ३७.५ किंवा त्याहून अधिक, अथवा मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार सोबत असल्यास ३२.५, हा शस्त्रक्रियेचा निकष अनेक वर्षे वापरला गेला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी तो आणखी शिथिल केला. अर्थात केवळ आकडा पाहून निर्णय घ्यावयाचा नसतो. आहार, व्यायाम व औषधे यांचा प्रामाणिक प्रयत्न आधी झालेला असावा लागतो.

भीतीला नाव द्यावे

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ अशी म्हण आहे. मोघम भीती वाढतच जाते. तिचा प्रश्न केला की तिला उत्तर मिळू शकते. म्हणून रुग्णाने आपल्या मनातील प्रत्येक शंका वहीत एकेका ओळीत लिहून काढावी आणि ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे. बहुतेकांच्या वहीत पुढील चार प्रश्न असतातच.

‘भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर?’ ही सर्वांत मोठी भीती. शस्त्रक्रिया चालू असताना भूलतज्ज्ञ रुग्णाची नाडी, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू यांवर सतत लक्ष ठेवून असतात. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारामागे एक-दोन इतके कमी आहे. धोका शून्य नाही. रक्तस्राव, टाक्यांतून गळती, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे असे उपद्रव संभवतात. ते लपवून ठेवण्यापेक्षा समजून घेणे हिताचे.

‘पोट फाडणार का?’ आज ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून केली जाते. ‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहून थोडा अधिक भाग काढून उरलेल्या भागाची नळी केली जाते. ‘बायपास’ या प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडली जाते.

‘पुन्हा पोटभर जेवता येणार नाही का?’ पूर्वीइतके नाही, हे खरे आहे. प्रारंभी सुमारे दोन आठवडे ताक, वरणाचे पाणी असे पातळ पदार्थ, नंतर मऊ वरण, पनीर, अंडे, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न थोडे थोडे, असा क्रम असतो. ज्वारीची भाकरी सुटत नाही. मात्र चतकोर भाकरी सावकाश चावून खावी लागते आणि जेवताना पाणी पिणे टाळावे लागते.

‘वजन परत वाढले तर?’ वरील उदाहरणात २५ हा निर्देशांक धरला तर जास्तीचे वजन ३२ किलो होते. त्यातील साधारणतः निम्मे ते दोन-तृतीयांश, म्हणजे १६ ते २१ किलो, पहिल्या एक-दोन वर्षांत घटते. पथ्य सुटल्यास त्यातील काही परतही येते.

पेरणीआधीची मशागत

मृगाचा पाऊस पडण्याआधी शेतकरी मशागत उरकतो. तीच गोष्ट येथे. ही शस्त्रक्रिया विशेष प्रशिक्षण व साधनसामग्री यांची अपेक्षा करणारी असल्याने तिच्यासाठी बहुधा पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत जावे लागते. परंतु तयारीचा मोठा भाग घराजवळ राहूनच करता येतो.

पहिली गोष्ट तंबाखूची. विडी-सिगारेट शस्त्रक्रियेपूर्वी किमान सहा आठवडे बंद असावी. चघळण्याची तंबाखू व गुटखा यांतील निकोटीनही जखम भरण्यास अडथळा आणते. दुसरी गोष्ट तपासण्यांची. रक्तातील साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि हृदय यांची तपासणी करून जे बिघडले असेल ते आधी आटोक्यात आणावे. झोपेत मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडकणे ही लक्षणे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावीत. तिसरी गोष्ट औषधांची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपासून वैद्याच्या काढ्यापर्यंत सर्व काही डॉक्टरांना सांगावे. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

चौथी गोष्ट आहाराची. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे अत्यल्प उष्मांकाचा आहार देतात. त्यामुळे यकृताचा आकार कमी होतो आणि शल्यचिकित्सकाला जठरापर्यंत पोहोचणे सुकर जाते. हे कारण ठाऊक नसल्याने काही रुग्ण ‘आता खाऊन घ्या’ या सल्ल्याला बळी पडतात व स्वतःचाच धोका वाढवतात. याखेरीज रोजचे चालणे आणि दीर्घ श्वसनाचा सराव आधीपासून केल्यास फुप्फुसे सज्ज राहतात, आणि मनही शांत होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ५०० किलो वजनाची इजिप्तमधील एक महिला उपचारासाठी मुंबईत आणण्यात आली. तिच्यावर लगेच शस्त्रक्रिया झाली नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ नियंत्रित पातळ आहार देऊन वजन बरेच उतरविल्यानंतर ७ मार्च रोजी ती करण्यात आली. मात्र तिला इतरही गंभीर विकार होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबी येथे तिचे निधन झाले. तयारीचे महत्त्व आणि शस्त्रक्रियेची मर्यादा, दोन्ही या घटनेतून ध्यानात येतात.

मनाची तपासणी

शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचार तज्ज्ञाची भेट घ्यावयास सांगितले म्हणजे आपल्याला वेडे ठरविले, असे समजू नये. उदासीनता, दुःखात खात सुटण्याची सवय, मद्याचे व्यसन यांचा शोध आधी लागला तर पुढचे अपयश टळते. भीती असह्य झाल्यास टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोलणे, आणि संमतीपत्र आपल्या भाषेत समजावून घेतल्यावाचून त्यावर सही न करणे, हेही तितकेच आवश्यक आहे. सर्व ऐकून घेतल्यावर ‘आता नको’ असे म्हणण्याचा अधिकार रुग्णाला आहे. तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णयच होय.

गावाचे काम

शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्व ब-१२, ड, लोह व कॅल्शियम ही पूरके बहुधा जन्मभर घ्यावी लागतात व ठराविक मुदतीने रक्त तपासावे लागते. काही महिने केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. खर्चाचा प्रश्नही आधीच सोडवावा. २०१९ च्या विमा नियामकांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निर्देशांक ४० किंवा अधिक, अथवा गंभीर विकारांसह ३५ असल्यास अन्य अटींवर अशा शस्त्रक्रियेचा दावा विचारात घेतला जातो. आपल्या विमापत्रातील अटी आणि शासकीय योजनांतील तरतुदी रुग्णालयात जाण्यापूर्वी तपासाव्यात.

या सर्वांत शिक्षक व पंचायत सदस्य यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेत जाड्या मुलाला टोपणनावाने हाक मारली जाणार नाही, हे शिक्षक पाहू शकतात. लग्नाच्या पंगतीत ‘आणखी एक घ्या हो’ असा आग्रह शस्त्रक्रिया झालेल्या पाहुण्याला होऊ नये, हे गावातील वडीलधारी मंडळी पाहू शकतात. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने अशा रुग्णाची पुढील तपासणी चुकत नाही ना, याची विचारपूस करावी. रुग्णाच्या वहीतील बऱ्याच प्रश्नांना डॉक्टर उत्तर देतील. ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र गावानेच द्यावयाचे आहे.