गुडघ्यातली कूर्चा कोण मोडतं, कोण राखतं?



सांधे शिकवताना आपण बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. पण आमच्या लोधिवली-चौक भागात मुलांच्या घरी सांध्याचा विषय रोजचाच असतो. भाताची लावणी आटोपली की आजीचे गुडघे धरतात. चिकनगुनिया होऊन गेलेल्या एखाद्याची बोटं महिनोन्महिने सकाळी मिटत नाहीत. (२००६ साली महाराष्ट्रात या तापाची मोठी साथ आली, तेव्हापासून हे दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं झालंय.) आणि हल्ली पालक हमखास विचारतात, "बाई, आपलंच रक्त काढून गुडघ्यात सोडतात म्हणे, ते करावं का?"

याचं उत्तर शोधायचं तर आधी कूर्चा समजून घ्यायला हवी. कोंबडीच्या तंगडीचं हाड आठवा. त्याच्या टोकावरचं पांढरं, गुळगुळीत, दाताखाली कुरकुरणारं आवरण म्हणजे कूर्चा. कोणी तिला कास्थी म्हणतं. आपल्या गुडघ्यात ती जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. तिच्यात कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं असतं, जाळ्यात पाणी धरून ठेवणारा अ‍ॅग्रिकन नावाचा पदार्थ असतो आणि मधूनमधून थोड्या पेशी असतात. रक्तवाहिन्या मात्र नसतात. म्हणून तिची झीज भरून यायला फार अवघड जातं.

बहुतेकांना वाटतं, कूर्चा गाडीच्या टायरसारखी घासून झिजते. हे अर्धंच खरं आहे. मला तिच्यासाठी शेताच्या बांधाचा दाखला जवळचा वाटतो. पाऊस आणि खेकडे बांध पोखरतात, शेतकरी चिखल लावून तो राखतो. दोन्ही कामं बरोबर चालली की बांध टिकतो. कूर्चेतल्या पेशी म्हणजे हा शेतकरी. पण सांध्याच्या आतल्या अस्तराला दाह झाला, सूज आली, की तिथून इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ नावाचे निरोप सुटतात. ते पोचले की शेतकरी चिखल लावायचं थांबवतो आणि स्वतःच कुदळ घेऊन बांध फोडू लागतो! म्हणजे कूर्चेच्या पेशीच तिला तोडणारी विकरं सोडतात. आधी अ‍ॅग्रिकन तुटतो, मग कोलॅजेन.

उलट निरोप देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचे घटक, म्हणतात. यातल्या एकाचा माग कूर्चेतच लागला हे मुलांना जरूर सांगा. १९५७ मध्ये अमेरिकेत सॅल्मन आणि डॉघडे यांनी उंदरांच्या कूर्चेवर प्रयोग केले. रक्तातला कुठलातरी घटक कूर्चेला बांधकामासाठी गंधकाचं संयुग घ्यायला लावतो, असं त्यांना दिसलं. तोच पुढे आयजीएफ-१ म्हणून ओळखला गेला. १९८९ मध्ये टायलर या संशोधिकेने दाखवलं, की दाहाचे निरोप चालू असतानाही आयजीएफ-१ दिला तर कूर्चेची मोडतोड कमी होते आणि नवं बांधकामही सुरू राहतं. टीजीएफ-बीटा नावाचा दुसरा घटक तोडणाऱ्या विकरांना अडवणारी प्रथिनं वाढवतो. म्हणजे एकाच वेळी चिखल पुरवायचा आणि कुदळीवरचा हातही धरायचा!

मग बाहेरून हे घटक दिले की काम झालं? इथेच घोडं अडतं. झिजलेल्या सांध्यातल्या पेशी आयजीएफ-१ चं नीट ऐकत नाहीत, कारण त्याला बांधून ठेवणारी प्रथिनं तिथे वाढलेली असतात. टीजीएफ-बीटा जास्त दिला तर उंदरांच्या सांध्यात हाडाचे कोंब फुटतात. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाची ५४९ रुग्णांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये आलेल्या निकालात जास्त मात्रेने दोन वर्षांत कूर्चा सुमारे ०.०५ मिलिमीटर जाड झालेली दिसली, पण दुखण्यात म्हणावा तसा फरक नव्हता.

रक्त काढून देतात त्या इंजेक्शनला पीआरपी म्हणतात. रक्तातल्या बिंबिकांमध्ये वाढीचे घटक असतात, त्यामुळे कल्पना काही खोटी नाही. पण ऑस्ट्रेलियात गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ जणांना पीआरपी किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचून वर्षभर पाहिलं. २०२१ मध्ये निकाल आला. वेदना आणि कूर्चा, दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. म्हणून आजीच्या गुडघ्यासाठी कोणी कर्ज काढायला निघालं, तर मी हा निकाल सांगते आणि आधी हाडांच्या डॉक्टरांना सरळ विचारायला सांगते, की याने कूर्चा पुन्हा येते का? संधिवाताचा दाह असेल तर त्यावरची वेगळी औषधं आहेत, ती लवकर सुरू करणं महत्त्वाचं. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं तरी प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोने हलका होतो.

आपल्या वर्गासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अ‍ॅग्रिकन पुन्हा तयार होतो, पण कूर्चेतलं कोलॅजेन मोठेपणी जवळजवळ बदलतच नाही. लहानपणी आणि किशोरवयात जे जाळं विणलं जातं, त्यावरच म्हातारपणापर्यंत निभवायचं असतं. त्यामुळे खेळाचा तास गणिताला देताना जरा विचार करा बरं का!

हालचालीचा आणि कूर्चेचा संबंध दाखवायला एक प्रयोग करा. भांडी घासायचा स्पंज शाईच्या पाण्यात नुसता ठेवा, दुसरा तसाच स्पंज त्याच पाण्यात दाबत-सोडत राहा. पाच मिनिटांनी दोन्ही कापून आत शाई कुठवर गेली ते मुलांना पाहू द्या. रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेला सांध्यातल्या द्रवातून अन्न मिळतं, आणि दाब येऊन सुटला की तो द्रव आत-बाहेर खेळतो. आमच्या वर्गात हा प्रयोग झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मग आजी बसूनच राहिली तर तिच्या कूर्चेला जेवण कुठून?"