जमीन-नोंदणीची सुधारणा आणि सरकारी खरेदीचे नियोजन

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

'सरकारी खरेदी' हे शब्द कानावर पडले की आपल्यासमोर टेबले, खुर्च्या, सीलबंद लिफाफे आणि वर्तमानपत्रांतून गाजणारी निविदांची प्रकरणे उभी राहतात. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत सार्वजनिक खर्चावर एक प्रकरण असते. सरकारने खर्च का करावा आणि किती करावा, याची चर्चा तेथे सापडते. परंतु मंजूर झालेला पैसा प्रत्यक्ष वस्तूंत आणि सेवांत कसा उतरतो, याविषयी तेथे फार थोडे लिहिलेले असते. वास्तविक एखादी चांगली योजना फसते ती पुष्कळदा याच टप्प्यावर. जमीन व मालमत्ता यांच्या नोंदणीत सुधारणा करायची झाल्यास खरेदीचे नियोजन कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील आणि तुलनेसाठी कर्नाटकातील घेतली आहेत.

१. एक जमीन, तीन कचेऱ्या

प्रथम नोंदणी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे एकाच जमिनीची कागदपत्रे तीन ठिकाणी असतात. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदले जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचे असे दस्त नोंदवणे सक्तीचे आहे. जमीन कोणाच्या नावे आणि तीत पीक कोणते, हे गाव नमुना ७ व १२ मध्ये म्हणजे सातबाऱ्यावर असते. ते दप्तर तलाठ्याकडे (२०२४ पासून अधिकृत नाव 'ग्राम महसूल अधिकारी'). तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीचा नकाशा व हद्द. ती भूमी अभिलेख खात्याकडे.

येथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. दस्त नोंदला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे आपल्या कायद्यात नाही. निबंधक दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. सातबाऱ्यावरील नोंदही विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ मध्ये म्हटले आहे. तेव्हा विकणाऱ्याचे नाव एका कचेरीत, घेणाऱ्याचे दुसरीत आणि बांध तिसऱ्याच जागी, असे होऊ शकते. सुधारणा करायची म्हणजे या तिन्ही दप्तरांचा मेळ घालायचा. तीन खात्यांनी आपापली यंत्रे आपापल्या सोयीने विकत घेतली, तर तीन कपाटांच्या जागी तीन संगणक येतील, मेळ काही बसणार नाही. म्हणून खरेदीच्या आराखड्यातील पहिली ओळ यंत्रांची नसावी. तिन्ही खात्यांनी मिळून ठरवलेल्या कार्यपद्धतीची ती असावी.

२. आधी कळस मग पाया?

अशा सुधारणेसाठी काय काय विकत घ्यावे लागते? संगणक, छपाईयंत्रे, कागद छायांकित करणारी स्कॅनर यंत्रे या झाल्या वस्तू. जुन्या नोंदी संगणकात भरून घेणे, जमिनीची मोजणी, आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर तयार करणे, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पुढील देखभाल या झाल्या सेवा. यांत दिसायला मोठी वस्तू संगणक, म्हणून पुष्कळदा तीच आधी घेतली जाते. दुसरे कारण सर्वांच्या परिचयाचे आहे, ते म्हणजे मार्चअखेर. अनुदान परत जाऊ नये म्हणून जी वस्तू चटकन विकत मिळते ती घेऊन टाकली जाते. संगणक चार-पाच वर्षांत जुना होतो. नोंदी तयार व्हायला तेवढीच वर्षे लागली, तर काम सुरू होण्याच्या दिवशी यंत्र भंगारात काढायच्या लायकीचे झालेले असते.

याउलट क्रम असा असावा : प्रथम कार्यपद्धती व नियम निश्चित करणे, मग नोंदींची शुद्धी, मग आज्ञावली आणि तिची एखाद-दोन तालुक्यांत चाचणी, आणि सर्वांत शेवटी मोठ्या प्रमाणावर यंत्रे. मोजणीचे वेळापत्रक तर पंचांग पाहूनच करावे लागेल. उभ्या पिकात आणि पावसात साखळी किंवा यंत्र घेऊन शेतात उतरता येत नाही. पिके निघाल्यापासून मृगापर्यंतचे दिवस हाताशी येतील, अशा बेताने निविदा काढली पाहिजे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे जाहीर निविदेस सामान्यतः किमान तीन आठवड्यांची मुदत द्यावी लागते. छाननी आणि मंजुरी यांचा वेळ त्यात मिळवला, तर फेब्रुवारीत मोजणी हवी असणाऱ्याने दिवाळीपूर्वीच कामास लागले पाहिजे, हे उघड आहे.

मूळ माहिती कच्ची असताना वरचे काम कितीही शास्त्रीय केले तरी ते टिकत नाही, याचा धडा महाराष्ट्रानेच पूर्वी घेतला आहे. १८२७-२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागात जमिनीची पाहणी केली. रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धांतावर आकारणी बसवण्याचा तो प्रयत्न होता. सिद्धांत विद्वानांचा होता, पण शेतावर झालेली मोजणी आणि प्रतवारी सदोष निघाली. त्यावर बसवलेला सारा रयतेला पेलवेना. शेवटी १८३५ च्या सुमारास विंगेट व गोल्डस्मिड यांना इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात करावी लागली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

३. शंभरातील एक

नोंदी भरून घेण्याचे काम बाहेरच्या संस्थेला द्यायचे, तर करारात काय लिहावे? 'काम अचूक असावे' एवढे लिहून भागत नाही. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. समजा, करारात ९९ टक्के अचूकता मान्य केली. परीक्षेत ९९ गुण पडले तर घरी पेढे वाटतील. पण येथे शंभरातील एक चूक म्हणजे अडीच लाख उतारे चुकीचे! आणि प्रत्येक उताऱ्यामागे एक घर असते.

आमच्या घरात सातबारा स्वतः वाचणारी मी पहिलीच. वडिलांच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या आकड्यातील दशांश चिन्ह एक घर सरकले होते. जमीन होती तेवढीच होती, पण कागदावर ती दहावा हिस्सा झाली. पीककर्ज क्षेत्रावर मिळते, तेव्हा कर्जही त्याच हिशेबाने घटले. उरलेली गरज सावकाराने भागवली आणि त्याचे व्याज आम्ही दोन हंगाम फेडले. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद संहितेच्या कलम १५५ मध्ये आहे, आणि दुरुस्ती झालीही. परंतु त्यासाठी वडिलांचे किती रोज बुडाले, याची नोंद कोणत्याच नमुन्यात नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात तो हाच. चूक करणाऱ्याच्या हिशेबात तो येत नाही, तो तिसराच माणूस भरतो.

खरेदीच्या नियोजनाचे काम असे की, हा परिव्यय करारात आणून बसवावा. नगावर मजुरी ठरवली की नग वाढतात, अचूकता वाढत नाही. म्हणून नाव, क्षेत्र आणि इतर हक्क या रकान्यांसाठी चुकीची मर्यादा वेगळी व कडक असावी. प्रत्येक गावातील काही उतारे चिठ्ठ्या टाकून निवडावेत व मूळ दप्तराशी ताडून पाहावेत. मर्यादेपेक्षा अधिक चुका निघाल्यास त्या गावाचे संपूर्ण काम फुकट परत करून घ्यावे. अखेरचा हप्ता गावात नोंदी वाचून दाखवल्यावरच द्यावा. ही शेवटची अट काल्पनिक नाही. महाराष्ट्रात संगणकीय आणि हस्तलिखित सातबाऱ्यांत तफावती आढळल्या, तेव्हा त्या दूर करण्यासाठी पुढे वेगळी मोहीम घ्यावी लागली आणि २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. जे काम शेवटी करावेच लागले, ते आरंभीच्या करारात व अंदाजपत्रकात असते तर किती बरे झाले असते!

४. स्वस्त आणि योग्य

सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, हा सामान्य नियम आहे आणि तो वाईट नाही. त्यामुळे अधिकाऱ्याच्या मर्जीला लगाम बसतो. महाराष्ट्र शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीच्या कार्यपद्धतीची नियमपुस्तिका काढली, तिचाही हेतू शिस्त हाच. संगणक, कागद, विजेची बॅटरी यांचे वर्णन नेमके लिहिता येते. तेथे कमी दर हीच कसोटी योग्य. पण मोजणी किंवा आज्ञावली यांचे तसे नाही. तेथे गुणवत्ता व दर या दोहोंना भार देऊन निवड करण्याची रीत आहे.

एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. गुणवत्तेला ७० व दराला ३० भार आहे. 'अ' संस्थेला गुणवत्तेचे ९० गुण मिळाले आणि तिचा दर १२० लाख रुपये. 'ब' संस्थेला ६० गुण आणि दर १०० लाख. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला १०० धरतात, म्हणून 'ब' ला १०० आणि 'अ' ला ८३.३ मिळतील. आता 'अ' ची बेरीज ६३ अधिक २५ म्हणजे ८८ आणि 'ब' ची ४२ अधिक ३० म्हणजे ७२. केवळ दर पाहिला असता तर 'ब' ची निवड झाली असती. मात्र या पद्धतीत गुणवत्तेचे गुण देणारा माणूसच असतो. म्हणून गुण कशाचे व किती, हे निविदेतच छापलेले हवे आणि दराचा लिफाफा गुण जाहीर झाल्यानंतरच उघडला पाहिजे.

५. पैसा कोणी भरायचा?

खरेदी करताना सरकारजवळ पैसा नसेल तर काय करावे? महाराष्ट्राने दस्तनोंदणीच्या संगणकीकरणात एक वेगळी वाट धरली. २००२ च्या सुमारास आलेल्या 'सरिता' या योजनेत निबंधक कार्यालयांतील संगणक, स्कॅनर आणि ते चालवणारे कामगार खाजगी कंत्राटदारांनी पुरवले. त्यांचा मोबदला दस्त हाताळणी शुल्कातून भागवला गेला. हे शुल्क त्या वेळी पानामागे २० रुपये होते. म्हणजे तीस पानी दस्ताला ६०० रुपये.

या व्यवस्थेचे फायदे आहेत. सरकारला आरंभीचे भांडवल उभारावे लागत नाही. यंत्र बंद पडले तर कंत्राटदाराचेच उत्पन्न थांबते, म्हणून देखभालीत त्याचा स्वार्थ असतो. नोंदलेला दस्त तेव्हाच हाती पडू लागला, हा लोकांचा लाभही लहान नव्हे. परंतु पानावर दर ठेवला की दोन गुंठ्यांच्या आणि दोन कोटींच्या दस्ताला सारखाच भार पडतो. कराच्या समतेचे जे तत्त्व आपण वर्गात शिकतो, त्याशी हे जुळत नाही. शिवाय जेथे दस्त थोडे तेथे कंत्राटदाराला फायदा थोडा. म्हणून शहरी आणि आडवळणाची कार्यालये एकाच गटात बांधून निविदा काढणे हा नियोजनाचा भाग ठरतो.

कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाची वाट निराळी. २००० सालापासून १७७ तालुक्यांत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर आणले गेले. उताऱ्याला तेव्हा १५ रुपये शुल्क ठेवले. त्यांनी दोन गोष्टी धीटपणे केल्या. संगणकीय उतारा सुरू होताच हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेतली, आणि यंत्रावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची बोटाच्या ठशाने ओळख पटवली. पहिली गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. ती आज्ञेनेच होते. दुसरीचे यंत्र विकत मिळते, पण ते हवे हे आधी सुचावे लागते.

आज्ञावलीच्या बाबतीत विकत घेणे हाच एक मार्ग नाही. महाराष्ट्रातील ई-फेरफारची आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र या सरकारी संस्थेने तयार केली. दस्त नोंदला की फेरफारासाठी तलाठ्याकडे सूचना आपोआप जाते, हा दुवा त्यातून साधला. पहिल्या मुद्द्यात म्हटलेला मेळ तो हाच.

६. करार संपल्यावर

लग्नाची याद करताना वाजंत्री लक्षात राहते, पण वऱ्हाड परत कसे जाणार हे राहून जाते. खरेदीचेही तसेच. कंत्राटदाराची मुदत संपली की नोंदी कोणाच्या? आज्ञावलीचा मूळ मजकूर कोणाजवळ? नवा कंत्राटदार येईपर्यंत जुन्याने काम चालू ठेवायचे की नाही? या प्रश्नांची उत्तरे सही करण्यापूर्वी लिहिली नाहीत, तर पुढे किंमत ठरवण्याची सत्ता विकणाऱ्याच्या हाती जाते. एकाच विक्रेत्याची बाजारपेठ आपण आपल्याच हातांनी तयार करतो. नोंदी कोणत्याही यंत्रावर वाचता येतील अशा स्वरूपात सरकारच्या ताब्यात असणे आणि खात्याचे स्वतःचे कर्मचारी शिकून तयार होणे, हाच त्यावर उपाय आहे.

समारोप

केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाला आठ जिल्ह्यांत सुरुवात केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. मधल्या तीस वर्षांत यंत्रांच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या! राहिल्या त्या नोंदी. म्हणून खर्चाचा आणि काळजीचा मोठा वाटा नोंदींवर पडला पाहिजे, यंत्रांवर नव्हे.

खरेदीचे नियोजन हा कारकुनी विषय नाही. त्यातील प्रत्येक कलमाचा परिणाम कोणाच्या तरी बांधापर्यंत पोहोचतो. आपल्यापैकी अनेकजण उद्या महसूल खात्यात, बँकेत, पंचायत समितीत नोकरीस लागतील. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर असा एखादा करार मंजुरीसाठी येईल. तेव्हा एकूण रक्कम पाहण्याआधी अचूकतेचे कलम कोठे आहे ते शोधावे, आणि ते नसेल तर कागद परत पाठवावा.