शेवट हरवलेला कॉलेजपट : ‘गुड न्यूज’ (१९३०)



“आधी पास हो, मग मॅच!” ही धमकी आपल्या घराघरांत ऐकू येते ना? हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीने १९३० मध्ये याच धमकीवर अख्खा विनोदी संगीतपट उभा केला. नाव ‘गुड न्यूज’. १९२७ मध्ये ब्रॉडवेवर गाजलेल्या त्याच नावाच्या संगीत नाटकावरून तो घेतलेला होता.

टेट कॉलेजचा फुटबॉलवीर टॉम खगोलशास्त्रात कच्चा. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन बरं का, चेंडू हातात घेऊन पळतात तो!) पास झाला तरच मोठा सामना खेळता येणार. मग अभ्यासू कॉनी त्याची शिकवणी घेते आणि दोघं प्रेमात पडतात. कॉनी झालेली मेरी लॉलर नाटकातही हीच भूमिका करायची. पुढे ‘पिनोकियो’तल्या जिमिनी क्रिकेटला आवाज देणारा क्लिफ एडवर्ड्सही यात दिसतो.

पण जुन्या सिनेमांचे संग्राहक याच्या मागे लागतात त्याचं मोठं कारण वेगळंच आहे. शेवटचा भाग रंगीत होता आणि नेमका तोच आज सापडत नाही! उरलेली प्रत कृष्णधवल आहे, गोष्ट ऐन रंगात येऊन तुटते. एमजीएमनेच १९४७ मध्ये जून ॲलिसन आणि पीटर लॉफर्डला घेऊन हा सिनेमा पुन्हा काढला, तोही रंगीत. पण तिथे टॉमचा विषय खगोलशास्त्र नाही, फ्रेंच आहे! म्हणजे हरवलेला शेवट तिथून उसना घेता येत नाही.

अशा वेळी किंमत येते ती कागदांना. पोस्टर, गाण्यांच्या स्वरलिपीच्या छापील पुस्तिका, थिएटरच्या दालनात लावायची ११ बाय १४ इंचांची लॉबी कार्डं. सिनेमा उतरला की हे सगळं खरं तर टाकूनच द्यायचं. कुणीतरी हौसेने जपलं म्हणून फिल्म गेली तरी वेशभूषा, दृश्यं, गाणी थोडीफार कळतात. घरातली जुनी निमंत्रणपत्रं, नाटकाची तिकिटं आपण दिवाळीत बिनधास्त रद्दीत घालतो, मीही घातली आहेत.

वर्गात हा सिनेमा दाखवायची गरज नाही. गोष्ट सामन्यापर्यंत सांगा, शेवट मुलांना लिहू द्या. आमच्या आठवीतल्या एकाने टॉमला नापास करून मैदानाबाहेर पाणी वाटायला बसवलं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.